ओव्हरऑइल : सायकल सांभाळण्याचा अलिखित इतिहास

‘ओव्हरऑइल’ हा शब्द कोणत्याही इंग्रजी कोशात मिळणार नाही. मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’. यंत्र पूर्ण खोलायचे, त्याचा भाग न् भाग तपासायचा आणि ते पुन्हा जोडायचे, असा त्याचा अर्थ. सायकलच्या दुकानात तो मराठी कानावर पडला आणि त्या कानाला त्यात ‘ऑइल’ ऐकू आले. लोकव्युत्पत्तीचे इतके नेटके उदाहरण वर्गात शिकवायला क्वचितच सापडते. शब्द चुकीचा ऐकला गेला, पण अर्थ चुकला नाही. कारण त्या कामातला बराचसा वेळ जुने ग्रीस धुऊन काढण्यात आणि नवे भरण्यातच जातो. ‘पेडल’चे ‘पायंडल’ झाले तेही असेच. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले पाऊल आहे हे ठाऊक असण्याचे ज्याला काहीच कारण नव्हते, त्याने त्यात आपला ‘पाय’ घातला आणि तो नेमका जागी बसला. ‘वॉशर’चा ‘वायसर’ झाला, पुढच्या फोर्कला ‘चिमटा’ हे घरचेच नाव मिळाले, बेअरिंगच्या गोळ्यांचे ‘छर्रे’ झाले, आणि डुगडुगत फिरणारे चाक सरळ करण्याला ‘आउट काढणे’ म्हणू लागले.

ही परिभाषा कोणत्याही समितीने घडवलेली नाही. सुशिक्षितांच्या लेखनात आलेला ‘पायगाडी’ हा शब्द कोशात राहिला. ‘दुचाकी’ हा शब्द पुढे वर्तमानपत्रांनी स्कूटर-मोटारसायकलला बहाल केला. दुकानातल्या शब्दांचे मात्र तसे झाले नाही. ज्यांनी ते घडवले त्यांच्यापैकी बहुतेकांनी लिहून काहीच ठेवले नाही, आणि म्हणून आम्हाला या शब्दांकडे दस्तऐवज म्हणून पाहावेसे वाटते. आपल्याकडे यंत्रांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा आगमनाचा असतो. पहिली आगगाडी केव्हा धावली, पहिली मोटार कोणी आणली, पहिली सायकल कोणत्या संस्थानिकाच्या वाड्यात उतरली. यंत्र आले, लोकांनी आश्चर्य केले, प्रकरण संपले. ते यंत्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी, विसाव्या वर्षी कोणी चालू ठेवले, हा प्रश्न या इतिहासात उद्भवतच नाही.

परदेशी इतिहासलेखनात हा प्रश्न अलीकडे विचारला जाऊ लागला आहे. डेव्हिड एजर्टन यांच्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथाचा मुख्य आग्रहच असा की, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहावा. आणि वापर म्हटला की देखभाल, दुरुस्ती, जुगाड हे सगळे ओघाने येते. डेव्हिड आर्नल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) या पुस्तकात हीच दृष्टी हिंदुस्थानकडे वळवली आणि शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र, भातगिरणी यांच्या जोडीने सायकलचा विचार केला. मराठीत मात्र या विषयाला वाली नाही. सरकारी कागदपत्रांत सायकल दिसते ती कराच्या बिल्ल्यात, किंवा दिव्याविना अथवा डबलसीट पकडलेल्यांच्या दंडात. पंक्चरची पावती कोणी करत नाही.

हा लेख लिहिताना आम्ही एक गाव समोर ठेवले आहे. निरवांगी हे इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेचे, नीरा नदीकाठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका लागतो. शेजारी निमसाखर, पुढे वालचंदनगर. मोठ्या कामाला इंदापूर किंवा बारामती. येथे सायकलच्या इतिहासातले काही असाधारण घडल्याचे कोणी सांगत नाही, आणि आम्हाला हवे होते ते असेच गाव. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणाच्या पट्ट्यात ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभारला, त्याभोवती वालचंदनगर वसले. भवानीनगरला सहकारी साखर कारखाना झाला. कारखाना आला म्हणजे पाळी आली, भोंगा आला. ऊसबागायतीच्या या गावांतून पाच-दहा किलोमीटरवरच्या पाळीला रोज वेळेवर पोहोचणे पायी कठीण, आणि भोंग्याची वेळ बैलगाडीला पाळता येत नाही. ते अंतर सायकलचे आहे. हायस्कूलचे अंतर सायकलचे, आठवडेबाजाराचे सायकलचे, दुधाच्या डेअरीचेही सायकलचे.

आणि हाच मुलूख सायकलचा वैरीही आहे. जमीन काळी. पावसाळ्यात तिचा चिखल मडगार्ड आणि चाक यांच्या मधल्या बोटभर जागेत असा बसतो की चाक फिरेनासे होते. काठीने तो उकरून काढत, प्रसंगी सायकल खांद्यावर घेत पांदीतून चालावे लागते. उन्हाळ्यात हीच माती पिठासारखी बारीक होऊन साखळीच्या प्रत्येक कडीत शिरते. कालव्याच्या आणि बांधाच्या कडेने बाभूळ, आणि गेल्या काही दशकांत वेडी बाभूळ. तिचा काटा टायर भेदून ट्यूबमध्ये जातो आणि टोक आतच मोडून राहते. इंग्लंडातल्या ओल्या, गुळगुळीत रस्त्यांसाठी आखलेले हे यंत्र येथे टिकले, ते कारखान्यात बनवणाऱ्यांच्या इतकेच दुकानात खोलणाऱ्यांच्या बळावर टिकले, असे आम्हाला म्हणायचे आहे.

या कथेची मराठी सुरुवात बेळगावात होते. जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल १८८५ मधली. डनलप यांचे हवेचे टायर १८८८ मधले. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामुअण्णांसह बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. सायकल विकायची तर ती दुरुस्तही करून देता आली पाहिजे, आणि सुटा भाग विलायतेहून यायला महिने लागत असतील तर तो येथेच घडवता आला पाहिजे. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे: कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी. साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक दुवा लक्षात ठेवावा. याच कारखान्याच्या वार्तापत्रातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, शंकररावांनी त्याचे मासिक घडवले, आणि मग ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) आली. विसाव्या शतकातल्या मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा एक मोठा प्रवाह मागे मागे नेला, तर तो एका सायकलच्या दुकानाशी जाऊन थांबतो. आपल्या वाङ्मयेतिहासांत याची नोंद ‘उद्योगपतीची वाङ्मयसेवा’ अशा थाटात होते. पान्हा आणि ग्रीस त्यातून निघून जातात.

किर्लोस्कर दुकानातून कारखान्याकडे गेले. ओहायोतल्या डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढले आणि ते तेथून विमानाकडे गेले. अशा माणसांची चरित्रे होतात. जे दुकानातच राहिले त्यांच्याकडे आता वळू.

स्वातंत्र्यापूर्वी सायकल ही मुख्यतः विलायती वस्तू होती: रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली, टायर-ट्यूबची टंचाई झाली, आणि सांभाळण्याची कला सक्तीची झाली. फाटलेल्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, घालून तो आणखी वर्षभर ओढायचा, हे त्या टंचाईच्या काळाला साजेसे शहाणपण. स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादन वाढले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियानात एव्हन आणि हीरो. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला सुमारे एक लाख सायकली बनत. १९५५-५६ मध्ये पाच लाखांच्या आसपास, आणि १९६०-६१ मध्ये दहा लाखांच्या पुढे. निरवांगीसारख्या गावांत सायकल ‘साहेबाची’ न राहता कामगाराची, मास्तरची, दूधवाल्याची झाली ती या दशकांत. नमुना मात्र जुनाच राहिला: काळा रंग, २८ इंची चाके, दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक, वीस किलोच्या आसपास वजन. विलायतेत तो मागे पडला, येथे टिकला. आधुनिकतेच्या अभ्यासकांना यात मागासलेपण दिसेल. दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तर नमुना न बदलणे ही मोठी सोय होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकलचा कोन किंवा कॉटरपिन कोणत्याही बाजारगावी मिळे, आणि वडिलांची सायकल मुलाला चालवता येई.

हा कारागीर गावात नेमका कोठे बसतो? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाची चौकट समोर ठेवली तर त्याला कोठेच घर नाही. सुतार बैलगाडीचे चाक करतो, लोहार त्यावर धाव चढवतो, आणि सुगीला दोघांना बलुते मिळते. सायकलवाल्याला बलुते नाही. त्याचा व्यवहार रोख; पंक्चरचे पैसे जागच्या जागी. पण ज्याला गावगाड्यात जागा नाही त्याला जन्मजात धंद्याचे बंधनही नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी बाजारगावी ही दुकाने मुस्लिम कारागिरांनी चालवली. जमीन नसलेल्या इतर घरांतली मुलेही या धंद्यात आली. शिक्षण उमेदवारीने होई. पहिली काही वर्षे ‘पोऱ्या’ म्हणून हवा भरायची, छर्रे मोजायचे, उस्तादाची बोलणी खायची. या शिक्षणपद्धतीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. त्या पोऱ्यांच्या शाळा सुटल्या होत्या, हेही त्याच इतिहासात लिहायला हवे.

आता प्रत्यक्ष ओव्हरऑइलकडे. त्याचा ठरलेला हंगाम म्हणजे पावसाळा संपतानाचा. चार महिन्यांचा चिखल आणि पाणी हबमध्ये मुरलेले असते आणि दसरा तोंडावर असतो. दसऱ्याला सायकलला झेंडूचा हार घालायचा तर तिच्या पोटातली घाण त्याआधी निघालेली बरी. चाके उतरवायची, हबचे कोन सोडवायचे, छर्रे रॉकेलच्या थाळीत टाकायचे. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची, दहा-दहा. कपात छर्रे गच्च भरले की त्यातला एक काढायचा, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम. नाहीतर ते एकमेकांवर घासतात. ज्या छर्ऱ्यावर चकाकी उरलेली नाही तो बाद. कोनावर जेथे छर्रे फिरतात तेथे खड्डे पडले असतील तर नवे छर्रे घालून उपयोग नाही, कोनच बदलावा लागतो. कित्येक गिऱ्हाइकांना हा खर्च वाचवावासा वाटतो आणि त्यांची सायकल महिन्याभरात पुन्हा कुरकुरू लागते.

ग्रीस भरून झाल्यावर खरी परीक्षा कोन आवळण्याची. जास्त आवळला तर चाक जड, सैल राहिला तर चाक खेळते. दोहोंच्या मधली जागा ओळखायची खूण आम्हाला फार आवडते. चाक उचलून सोडून द्यायचे. व्हॉल्व्हच्या एवढ्याशा वजनाने ते आपण होऊन हळूहळू फिरले आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला, की कोन बरोबर बसला. मग रिम धरून डावी-उजवीकडे हलवून पाहायचे. खडखडता कामा नये. मापनाचे कोणतेही उपकरण नसताना हजारो दुकानांत ही सूक्ष्म मोजणी होत आली आहे. साखळीचे काम त्यामानाने सोपे, पण तेथेच घरोघर गफलत होते. घरात आहे म्हणून गोडेतेल सोडले जाते. ते हवेने चिकट होत जाते, त्यावर माती बसते आणि थोड्याच दिवसांत साखळीवर काळी राळ तयार होते. हलके खनिज तेल कडीकडीवर थेंबथेंब सोडून वरचे फडक्याने पुसून घ्यावे. साखळी बाहेरून कोरडी दिसली पाहिजे. जितके तेल जास्त तितकी सायकल सुखी, हा समज ‘ओव्हरऑइल’ या शब्दानेच पसरवला की काय, अशी शंका आम्हाला येते.

‘आउट काढणे’ ही या धंद्यातली प्रतिष्ठेची विद्या. येथेही शब्दांनी नेमका भेद टिपला आहे. बैलगाडीच्या चाकाला ‘आरे’ असतात, सायकलच्या चाकाला ‘तारा’. लाकडी आरा भार सोसतो तो दाबला जाऊन. तुंबा आणि पाटे यांच्या मध्ये तो खांबासारखा उभा असतो. सायकलची तार दाब सोसूच शकत नाही, ती वाकेल. ती ताणलेली असते, आणि सगळ्या तारा मिळून आपल्या ताणाने कडे गोल ठेवतात. इंग्लंडात १८७० च्या दशकात ही ताणाच्या चाकांची कल्पना रुळली. गावातल्या माणसाने त्याची पुस्तके न वाचता तिला तंबोऱ्याच्या जातीचे नाव दिले. उपमा फुकट नाही. कारागीर तारा बोटाने छेडून आवाज ऐकतो. बद्द वाजली ती ढिली. जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ तारा आणि मागे ४०, कारण बहुतेक भार मागच्या चाकावर. चाक उजवीकडे झुकत असेल तर तेथल्या उजव्या बाजूच्या तारांचे निप्पल पाव फेरा ढिले आणि डाव्या बाजूच्यांचे पाव फेरा घट्ट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. दोन्ही टोकांना दुधाच्या किटल्या अडकवून खडबडीत रस्त्याने जाणाऱ्या सायकलची मागची तार तुटली आणि ती तशीच चालवली, तर तिचा भार शेजारणींवर पडतो, मग त्या तुटतात, आणि आठवड्याभरात चाकाचा आठचा आकडा होतो. एक तार तुटलेली दिसताच दुकान गाठावे.

पंक्चरविषयी सर्वांना सगळे ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणे, काचकागदाने घासणे, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत धीर धरणे, मग ठिगळ दाबणे. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायला हवे. बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक तेथेच असते, आणि घाईत राहिले तर पुढच्या वळणावर पुन्हा पंक्चर. वारंवार हवा जाते आणि भोक मात्र सापडत नाही, तेव्हा व्हॉल्व्हवरची रबरी नळी पाहावी. आपल्या उन्हात ती विरते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब ठेवला की फुगा येतो का ते कळते. कमी हवेवर ओझे वाहिले की टायर कडेने चिरत जातो. त्याला रिमकट म्हणतात, आणि त्यावर इलाज नाही.

ब्रेकचे रबर झिजले की बदलावे यापलीकडे सांगण्यासारखे फार नाही. एवढेच की लोखंडी रिम ओली झाल्यावर दांड्यांचे ब्रेक निम्मेही धरत नाहीत, त्यामुळे पावसात वेगच कमी ठेवायचा असतो. डाव्या पायंडलाची गोष्ट मात्र थोडी सांगण्याजोगी आहे. त्याचे आटे उलटे असतात. सरळ आट्यांचे असते तर चालवता चालवता ते आपोआप सुटत गेले असते. ही सुधारणा रूढ करण्याचे श्रेय राइट बंधूंना दिले जाते. नवशिका घरी पान्हा घेऊन बसतो तो याच ठिकाणी फसतो. सोडवायच्या समजुतीने तो डावे पायंडल आणखी घट्ट करतो, आणि जोर वाढवत गेला तर आटे मारून बसतो. पायंडल मारताना दर फेऱ्याला एकदा ‘टक’ वाजत असेल तर बहुधा कॉटरपिन झिजली आहे. ती तशीच राहिली तर क्रँकचे भोकही झिजते, आणि काही रुपयांच्या पिनेपायी क्रँक जातो.

आता राहिली मांडणी. म्हणजे यंत्र माणसाला बेतून घेणे. या बाबतीत आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. काळ्या सायकलची चौकट २२ किंवा २४ इंची, प्रौढ पुरुषाच्या मापाची. लहान मुलांनी तिला वळसा घातला तो मधल्या त्रिकोणातून पाय घालून, हाफ पायंडल मारून. मोठ्यांनी सीट शक्य तितकी खाली केली, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर वाटतो. पण सीट खाली असली की गुडघा दर फेऱ्याला पूर्ण दुमडलेला राहतो, आणि दहा किलोमीटरनंतर तो बोलू लागतो. सीटची योग्य उंची ठरवायला एवढे पुरे: सीटवर बसून टाच खालच्या टोकाच्या पायंडलावर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात जरासा बाक उरतो. सीटचे नाक वर किंवा खाली झुकलेले नसावे, आणि हँडल साधारण सीटच्या बरोबरीचे किंवा थोडे वर. एवढ्याला पाच मिनिटे आणि एक पान्हा लागतो. तरीही लोक विकत घेतली त्याच उंचीवर सायकल वर्षानुवर्षे चालवतात. दुरुस्तीची आपल्याकडे एवढी समृद्ध बोली असताना या मांडणीला तिच्यात स्वतंत्र शब्द आम्हाला आढळला नाही. मोडलेले नीट करायचे, पण न मोडलेले अंगाला बेतून घ्यायचे हे मनातच आले नाही, असा याचा अर्थ लावावा का, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

१९७२ मध्ये लुना आली. तिच्या मागोमाग एम-८०, आणि मग शंभर सीसीच्या मोटारसायकली. दुधाच्या किटल्या आधी गेल्या, मग पाळीचा कामगार गेला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, स्वयंचलित दुचाकी २१ टक्क्यांकडे. पण ऊस पिकवणाऱ्या या भागात पाहणाऱ्याला उलटे वाटावे अशी परिस्थिती तेव्हाच होती. दुकानाने पाटी बदलली, मोटारसायकलचे पंक्चर हा मुख्य धंदा झाला. २०१७ पासून पुण्यातल्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे, आणि तेथे सायकलींबरोबर दुरुस्तीची जुनी अवजारेही मांडलेली आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्याच सुमारास त्याच शहरात भाड्याच्या सायकलींच्या योजना गाजावाजाने आल्या आणि थोड्या वर्षांत विरून गेल्या. साखळ्या गंजलेल्या, सीट नाहीशी झालेल्या सायकली पदपथांवर पडून होत्या. जुन्या काळच्या तासाच्या भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानात रोज संध्याकाळी मालक स्वतः प्रत्येक सायकलचा ब्रेक दाबून पाही. नव्या योजनांनी त्याच्या वहीच्या जागी मोबाइल आणला, पण त्याच्या हाताची जागा कोणी भरली नाही.

गावाकडे सायकलवर आता मुख्यतः शाळकरी मुली दिसतात, आणि या विषयात काही पणाला लागलेले असेल तर ते येथे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि त्यामुळे माध्यमिक शाळेतली मुलींची संख्या वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. इतरत्र जिल्हा परिषदांच्या योजना आणि संस्था हे काम करतात. ही योजना चांगली आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण तिची रचना त्याच आगमनाच्या इतिहासासारखी आहे. सायकल येते, छायाचित्र निघते. वाटपाच्या मैदानात ओळीने उभ्या केलेल्या सायकलींची सीट सर्वांसाठी एकाच उंचीवर असते, ब्रेकचे दांडे जेमतेम आवळलेले, तारा कारखान्यातून आल्या तशा. नव्या सायकलच्या तारा पहिल्या महिन्यात बसत जातात आणि चाकाचा आउट तेव्हाच काढून घ्यावा लागतो, हे कोणी सांगत नाही. पान्हा बरोबर मिळत नाही. दुरुस्तीसाठी जावे तर दुकान मोटारसायकलींनी भरलेले, आणि मुलीने तेथे थांबून राहणे घरच्यांना रुचत नाही. मग पंक्चर झालेली सायकल भिंतीला टेकून राहते, आणि शाळेचे अंतर पुन्हा पायी चालायचे होते, किंवा मुळीच चालायचे होत नाही.

आठवीत सायकल मिळाली तेव्हा मुलगी तेरा वर्षांची असते. बारावीपर्यंत तिची उंची वाढते. सीट वर करायची तर सीटची नळी चौकटीतून सुटली पाहिजे, आणि तीन पावसाळ्यांत ती आत गंजून चौकटीशी एकजीव झालेली असते. पहिल्या दिवशीच नळी बाहेर काढून तिला बोटभर ग्रीस लावले, आणि दर दसऱ्याला पुन्हा लावले, तर ती दहावीतही वर सरकते, बारावीतही.